कौसाबाईची बोली

“अगं बोल की! कोंबडासुद्धा तुझ्या तोंडाकडं बघायला लागलाय!”

मार्थाआत्या पहिल्या रांगेतून असं ओरडल्या आणि अख्खी मंडळी खदखदून हसली. मी मंदिरापुढच्या अंगणात, टेबलावर उभी होते. एका हातात पाय बांधलेला तांबडा कोंबडा, दुसऱ्या हातात पाळकीणबाईंच्या स्वयंपाकघरातलं लाटणं, आणि घशातून शब्द फुटत नव्हता.

खरं म्हणजे त्या टेबलावर माझे वडील असायचे. शमुवेल पाटोळे, एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारे. दादांनी ‘संगमनेर, सिन्नर, नाशिक’ म्हटलं की पलीकडच्या हॉटेलात झोपलेला माणूस पिशवी घेऊन उठायचा. कोळेवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाच्या सणाचा लिलाव त्यांच्याशिवाय कुणी केलेलाच नव्हता. पण त्या वर्षी नेमका सणाच्या तोंडावर त्यांचा घसा बसला. आईची हळद झाली, ज्येष्ठमध झाला, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. आवाज काही परत आला नाही. रविवारी उपासना संपली, लोक अंगणात येऊन बसले, आणि पंचकमिटीचे अध्यक्ष शद्रक मास्तर विचारायला लागले, की आता पुकारायचं कुणी? दादांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

“मुलगी? टेबलावर?” मास्तर म्हणाले.

दादांना उत्तर देता येत नव्हतं. त्यांनी लाटणं उचललं, माझ्या हातात दिलं, आणि मला दंडाला धरून वर चढवलं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. डी.एड. करून नोकरीची वाट बघत घरी बसलेली. आवाज दादांचाच मिळालेला, त्यामुळं शाळेत पोरं मला भोंगा म्हणायची आणि मी मोठ्यानं बोलायचं टाळत वाढले होते. आता सगळं गाव समोर बसलं होतं आणि त्यांना भोंगाच हवा होता.

“तांबडा कोंबडा!” मी ओरडले. इतक्या जोरात, की कोंबड्यानंही दचकून पंख फडफडवले. “मकरंद देठे यांच्या घरचा! पहाटे चारला उठवतो, घड्याळ घ्यायला नको! बोला!”

“दहा!”

हे थिओफिलअण्णा मकासरे. पहिली बोली त्यांचीच असायची. अण्णा आमच्या मंडळीतले मोठे बागाईतदार. कालव्याच्या दोन्ही अंगाला त्यांचा ऊस. मंदिरातल्या बाकांवर, भिंतीवरच्या घड्याळावर, पाण्याच्या टाकीवर, सगळीकडं ‘थिओफिल मकासरे यांजकडून’ असं रंगवलेलं होतं. अण्णा हात सैल सोडून देत होते हे खरं, आणि दिलेलं सगळ्यांना दिसावं असं त्यांना वाटायचं, हेही तितकंच खरं.

“वीस!” मागून आवाज आला. यहोशवा पारधे, फौजेतून सुट्टीवर आलेला.

“तीस,” अण्णा मागं न बघता म्हणाले.

“चाळीस!”

“अरे, कोंबडा आहे, तोफ नाही!” मार्थाआत्या म्हणाल्या. पुन्हा हशा.

माझी भीड कुठल्या कुठं गेली. मी अण्णांकडं वळले, यहोशवाकडं वळले, कोंबडा उंच धरला, त्याच्या तुऱ्याचं कौतुक केलं, अण्णांना विचारलं की सीमेवरून आलेल्या माणसाला असं हरवणार का, आणि यहोशवाला विचारलं की एका म्हाताऱ्याला भ्यायलास का. अण्णांना म्हातारा म्हटलेलं सोसलं नाही. त्यांनी पंचाहत्तर केले. मी लाटणं टेबलावर आपटलं. “एकवार! दोनवार! तीनवार! कोंबडा अण्णांचा!”

“परत विका!” अण्णा हात हलवून म्हणाले. “माझ्याकडून देवाला!”

आमच्यात ही रीतच होती. घेतलेली वस्तू परत द्यायची आणि ती पुन्हा लिलावात यायची. तो कोंबडा त्या सकाळी तीनदा विकला गेला.

ज्यांनी हा सण पाहिला नाही त्यांना सांगते. हंगाम घरात आला, की प्रत्येक घरानं आपल्या रानातलं, परड्यातलं, हातचं काहीतरी आणून वेदीपुढं मांडायचं. बाजरी, भोपळे, हरभऱ्याचे ढाळे, अंडी, शेळीचं करडू. महिला मंडळाच्या बाया वर्षभर गोधड्या शिवायच्या, त्याही मांडायच्या. उपासनेनंतर सगळ्याचा लिलाव, आणि येणारे पैसे मंदिराला. बोली पैशातच हवी असंही नव्हतं. मार्थाआत्या अंड्यांत बोली लावायच्या, बेंजामिन सुतार दिवसाच्या कामात. त्या वर्षीचे पैसे छपरासाठी होते. मंदिराची कौलं फुटली होती, पावसाळ्यात अर्धे बाक भिजायचे. मास्तर तीन वर्षं पत्र्यांसाठी पैसे साठवत होते आणि आजच्या लिलावानंतर ते पुरे होतील अशी त्यांची खात्री होती. तोवर आडोसा म्हणून अण्णांनी श्रीरामपूरहून एक भलीमोठी नवी ताडपत्री आणून दिली होती. ती मंदिरात घडी घालून ठेवलेली होती.

लिलावाला रंग चढला होता. भोपळा गेला, ढाळे गेले, करडू गेलं. मास्तरांचा चेहरा उजळत चालला होता. मी घामानं भिजले होते आणि टेबलावरून उतरावं असं मला मुळीच वाटत नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून एक हिरवा भारा आत आला.

भारा एवढा मोठा, की खाली बाई आहे हे आधी दिसलंच नाही. नुसता उसाच्या हिरव्या पात्यांचा डोंगर चालत आल्यासारखा वाटला. लोक सरकून वाट द्यायला लागले. बाई टेबलापाशी येऊन थांबली. काळे पडलेले हात, काटक अंग, कपाळावर मोठं कुंकू.

ती कौसाबाई. पाटोद्याकडची, ऊसतोडीला आलेली. ओढ्यापलीकडं त्यांच्या टोळीचा तळ होता. दोन दिवसांमागं दुपारी सगळी माणसं उसाच्या फडात असताना तिथं आग लागली आणि वाळक्या पाचटाच्या सगळ्या कोप्या, म्हणजे झोपड्या, बघता बघता बसल्या. माणूस, जनावर कुणी गेलं नाही, पण दाणे, अंथरूण-पांघरूण, भांडी, होतं नव्हतं ते जळालं. आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, त्यांना मंदिराच्या शाळेची खोली उघडून दिली होती, गावातून भाकरी गेल्या होत्या. पण माणसं तीस-चाळीस आणि खोली एक. माघाची थंडी होती.

“बाई, काय पाहिजे?” शद्रक मास्तरांनी विचारलं.

“काय नगं,” भाऱ्याखालून आवाज आला. “ह्ये कुठं ठिवू?”

“काय आहे हे?”

“वाढं हाय. तुमच्यात आज रानातलं देवाला देत्यात म्हनं. आमाला रान न्हाय. पर ऊस तोडला की वाढं आमचं. हक्काचं हाय, चोरून न्हाय आनलं.”

उसाचा हिरवा शेंडा म्हणजे वाढं. गुरांना चारा होतो. कारखान्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून तोडणारे तो आपल्याकडं ठेवतात आणि गावात भारे विकून मीठमिरची आणतात. त्या वर्षी रुपयाला भारा मिळायचा.

मास्तर उठून तिच्याजवळ गेले. “अहो बाई, तुमचं सगळं जळालंय. तुम्ही कशाला देताय? हे परत न्या, विका. चार पैसे होतील, तुम्हाला लागतील.”

मास्तर चांगल्या मनानंच बोलले. पण भारा उतरवायला वर गेलेले कौसाबाईचे हात तिथंच थांबले. ती मानेवर ते ओझं तसंच घेऊन उभी राहिली आणि खाली बघायला लागली. उंबऱ्यात उभ्या असलेल्या पाहुण्याला घरातून कुणी ‘या’ म्हणू नये, तसं झालं.

“मास्तर,” मी टेबलावरून म्हणाले, “ती वस्तू इकडं द्या.”

“अगं, पण—”

“लिलाव मी करतेय ना? द्या इकडं.”

बेंजामिन सुतार आणि यहोशवानं भारा उतरवून टेबलावर चढवला. मला उभं राहायला जागाच उरली नाही. मी एका पायावर तोल सांभाळत लाटणं उचललं.

“वाढ्याचा भारा! कौसाबाईंच्या घरचा! आज सकाळचा, अजून दव वाळलं नाही! बोला!”

कुणी बोलेना. ज्या बाईचं सगळं जळालंय तिच्या वस्तूवर बोली काय लावायची, या विचारात सगळे एकमेकांकडं बघत राहिले.

“पंचवीस!” यहोशवा ओरडला.

“पन्नास!” अण्णा.

“अवो, येवढं?” कौसाबाई दचकून म्हणाली. “रुपायाला मिळतं की!”

अंगणात असा हशा पिकला, की पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग बांध फुटला. साठ, सत्तर, दोन डझन अंडी, तीन दिवसांचं सुतारकाम! भारा यहोशवाला गेला, त्यानं परत दिला. बेंजामिनला गेला, त्यानं परत दिला. माझा आवाज अंगणभर घुमत होता. बाया उभ्या राहून बोली लावायला लागल्या. शेवटी अण्णांनी एकदम दोनशे म्हटलं आणि सगळे गार झाले. तेव्हा दोनशेला शेळी यायची.

“तीनवार!” मी लाटणं आपटलं. टाळ्या पडल्या.

अण्णा उठले. त्यांचा चेहरा फुलला होता, डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी खिशातून नोटांचं पुडकं काढलं. “हे दोनशे, आणि वर माझे तीनशे. छपराला नको हे. या बाईच्या संसाराला. ये बाई, पुढं ये. पदर पसर.”

पुन्हा टाळ्या. मीसुद्धा वाजवल्या, लाटणं बगलेत धरून.

कौसाबाई पुढं आली नाही. टाळ्या विरल्या.

“अण्णा,” ती म्हणाली, “म्या पदर पसराया न्हाय आले. भारा घिऊन आले.”

आवाज चढा नव्हता. पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“अगं, तसं नाही,” अण्णा गडबडले. “तुमच्या डोक्यावर छप्पर नाही, पोरंबाळं गारठतायत...”

“मला म्हाईत न्हाय का? माजीच हायेत ती.” तिनं पदर कमरेला घट्ट खोचला. “तुमी भाकरी दिल्या, जागा दिली. लई केलं. म्हून म्या आले. आता देवाला दिल्यालं माघारी कसं घिऊ? मंग म्या दिलं काय?”

अण्णांच्या हातात नोटा तशाच राहिल्या. कौसाबाई हात जोडून “येते म्या” म्हणाली आणि वळली. फाटकाबाहेर तिचा नवरा आणि जाऊ उभे होते. आत यायला संकोचलेले. लोकांनी तिला मघासारखीच वाट दिली, फक्त आता कुणी हसत नव्हतं.

मी दादांकडं बघितलं. ते काही खुणावतील असं वाटलं. पण दादा नुसते माझ्याकडं बघत होते, स्टँडवर गाडी हलायच्या आधी बघतात तसे.

पुढची वस्तू बाजरीचं पोतं होतं. बेंजामिननं ते सवयीनं टेबलाला टेकवून उभं केलं.

“बाजरी!” मी ओरडले. मंडळीकडं न बघता, फाटकाकडं बघत ओरडले. “भरलं पोतं! नव्या हंगामाची! आणि ऐका, आमच्यात बोली पैशातच लागते असं नाही! अंडी चालतात! मजुरी चालते!” मी श्वास घेतला. “वाढं चालतं!”

कौसाबाई फाटकात थांबली.

“कुणालाही बोली लावता येते!” मी म्हणाले. “अंगणात जो आहे त्याला!”

ती हळूहळू वळली. पोत्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. तिच्या डोळ्यांत बाजारातल्या बाईची चमक आली.

“किती भारं?” तिनं विचारलं.

“ते मी नाही सांगायचं, मावशी. बोली तुम्ही लावायची.”

तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं खांदे उडवले. ती दोन पावलं आत आली.

“दोन,” ती म्हणाली. आणि लगेच, कमी पडलं असं वाटून, “तीन! तीन भारं!”

“तीन भारे!” मी लाटणं उचललं. “बाजरीला तीन भारे! आहे कुणी वर?”

मला वाटलं होतं, कुणाला कळायला वेळ लागेल. पण अंगणात पान हललं नाही. सकाळपासून ज्यांची तोंडं मिटत नव्हती ती माणसं ओठ आवळून बसली होती. अण्णांचा हात सवयीनं वर गेला, अर्ध्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तो डोक्याकडं नेऊन टोपी सारखी केली. मागं यहोशवाला जोरात खोकला आला.

“ती बोली आहे का?” मी दरडावलं.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबलं आणि जोरजोरात मान हलवली.

“एकवार!”

“सुवार्ता,” शद्रक मास्तर टेबलापाशी येऊन मला हळूच म्हणाले, “अगं, पोत्याचे सहज दीडशे येतील. पत्र्यांचं काय?”

उत्तर पाळकसाहेबांनी दिलं, बसल्या जागेवरून. “मास्तर, पाऊस जूनमध्ये येतो. थंडी आज आहे.”

मास्तर तिथंच थांबले. तीन वर्षं त्या माणसानं घरोघर फिरून पैसे गोळा केले होते, स्वतःची पेन्शन त्यात घातली होती. त्यांनी एकदा मंदिराच्या कौलांकडं बघितलं. मग मुकाट्यानं खुर्चीवर जाऊन बसले आणि हाताची घडी घातली.

“दोनवार! तीनवार! बाजरी कौसाबाईंची!”

लाटण्याचा आवाज त्या शांततेत केवढा तरी झाला. टाळी वाजवावी की नाही हे कुणाला कळेना. कौसाबाईनं पोत्यावर हात ठेवला, दाणे चिमटीत घेऊन बघितले, एक दातानं फोडून पाहिला. “चांगली हाय,” ती म्हणाली, आणि फाटकाकडं हात करून ओरडली, “अवो, या की आत! हितं आपली बी बोली चालतीया!”

मग जे झालं ते आठवलं तरी आजही माझ्या हातापायांत बळ येतं. नवरा आला, जाऊ आली, टोळीतली आणखी माणसं आली. मी एकेक वस्तू पुकारत गेले. महिला मंडळाच्या गोधड्या, पातेली, तवा, ज्वारी, हरभरे. दर वस्तूला टोळीची कुजबुज व्हायची, जाऊ म्हणायची दोन, नवरा म्हणायचा एक, आणि कौसाबाई दोघांना हातानं गप्प करून मोठ्यानं बोली लावायची. फुकटातलं वाटेल इतकं कमी ती कधीच बोलली नाही. आणि प्रत्येक वेळी मी मंडळीकडं वळून, घसा फोडून विचारायचे, “आहे का कुणी वर?” आणि दीडशे माणसं गप्प. मार्थाआत्यांनी तर पदराचा बोळा तोंडात धरला होता. यहोशवाच्या आईनं त्याच्या हातात पेरू दिला आणि म्हणाली, “हा खात बस.”

गोधड्या संपल्या तशा दोन बाया उठून घरी पळाल्या आणि आपल्या अंथरुणातल्या घेऊन आल्या. “याही घे गं लिलावात,” म्हणाल्या. बेंजामिननं बांबू आणून टाकले. टेबलामागची रास कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागली.

अण्णा इतका वेळ नोटांचं पुडकं मांडीवर ठेवून बसले होते. एकाएकी ते उठले आणि मंदिरात गेले. आत काहीतरी ओढल्याचा, आपटल्याचा आवाज झाला. बाहेर आले ते खांद्यावर ताडपत्री घेऊन. साठीचा माणूस, गडी हाताशी असताना कधी तांब्या न उचललेला, धापा टाकत टेबलापर्यंत आला आणि ती घडी धप्पकन माझ्या पायाशी टाकली.

“पुकार,” ते म्हणाले.

“अण्णा, ही छपराची आहे. लिलावातली नाही.”

“मी दिलेली आहे ना? पुकार म्हणतो ना!”

मी मास्तरांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. होकाराची होती.

“ताडपत्री!” मी म्हणाले. “नवी कोरी! चार कोप्या सहज झाकतील!”

टोळीत कुजबुज झाली नाही. ती काय वस्तू आहे हे सगळ्यांना कळत होतं. कौसाबाईनं कोपरा हातात घेतला, उलटा करून बघितला, अंगठ्यानं चोळला.

“ईस भारं,” ती म्हणाली.

“अगं!” नवरा म्हणाला.

“ईस. माल तसा हाय.”

“वीस भारे!” मी म्हणाले. “एकवार! आहे कुणी वर? दोनवार!”

ते दोनवार मी मुद्दाम लांबवलं. का ते माहीत नाही; ती शांतता मला सोडवेना. झाडावर कावळा ओरडला, तेवढाच आवाज. मग मी लाटणं आपटलं. त्या वर्षीचा अख्खा पावसाळा आम्ही बाकांमध्ये पातेली मांडून उपासना केली. मास्तर गाताना एका हातानं छत्री धरायचे. पत्रे पुढच्या वर्षी आले.

“आता शेवटची वस्तू,” मी म्हणाले.

पाळकीणबाई आतून केक घेऊन आल्या. त्यांचा केक तालुक्यात प्रसिद्ध होता. चुलीवर पातेल्यात वाळू तापवून, वरून निखारे ठेवून त्या तो भाजायच्या. वर काजू, मनुका, आणि वास असा, की लांबच्या लिंबाखाली बसलेला माणूस उठून यावा.

“ह्ये काय वं?” कौसाबाईनं विचारलं.

“केक, मावशी. गोड असतो. अंडी, मैदा, साखर.”

तिनं वास घेतला. गरजेचं सगळं झालं होतं, पोती-गोधड्या फाटकाशी लावून झाल्या होत्या. पण बोलीची गोडी एव्हाना तिच्या अंगात भिनली होती.

“येक भारा!” ती म्हणाली.

मंडळी पुन्हा गप्प झाली. आता सगळे त्यात तरबेज झाले होते. मी लाटणं उचललं. “केकला एक भारा! एकवार! दोनवार—”

“दहा रुपये!”

माझा हात हवेतच राहिला. सगळ्या माना वळल्या. थिओफिलअण्णा.

“अहो!” एस्तेरकाकूंनी नवऱ्याचा सदरा ओढला. “काय हे? गप्प बसा ना!”

“का?” अण्णा म्हणाले. “लिलाव आहे ना? मला केक पाहिजे.”

कौसाबाईनं हळूच मान वळवली. अण्णांकडं बघितलं. इतक्या मेहनतीनं सांभाळलेलं सगळं आता फुटणार असं वाटलं. अण्णा तिच्या नजरेला नजर देऊन बसले होते, भुवई वर करून.

कौसाबाईनं पदर पुन्हा कमरेला खोचला.

“दोन भारं!”

“पंधरा रुपये!”

“चार!”

“वीस!”

अंगण उसळलं. आतापर्यंत दाबून धरलेले सगळे आवाज एकदम सुटले. “सोडू नका, मावशी!” यहोशवा पेरू उंचावून ओरडला. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. अर्धी मंडळी कौसाबाईच्या बाजूनं, अर्धी अण्णांच्या. शद्रक मास्तर, खुर्चीवर उभे राहून, कौसाबाईच्या बाजूनं.

“पाच भारं!”

“तीस!”

“अगं, येवढं तोडायचं कुनी?” नवरा रडकुंडीला आला.

“तुमी गप ऱ्हावा! सात!”

“पन्नास!”

कौसाबाई थांबली. बोटांवर काहीतरी मोजलं, केककडं बघितलं, अण्णांकडं बघितलं, आणि डोकं मागं टाकून हसली. आग लागल्यापासून पहिल्यांदाच हसली असावी. तिची जाऊ तिच्याकडं बघतच राहिली.

“घ्या, अण्णा! तुमीच खावा. फुडल्या वर्सी बघते तुमच्याकडं!”

“एकवार! दोनवार!” मला हसू आवरेना. “तीनवार!”

अण्णांनी पन्नासाची नोट टेबलावर ठेवली आणि केक उचलला. ‘परत विका’ म्हणाले नाहीत. कौसाबाईला त्यातला कणभरही दिला नाही. ताट दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि सरळ घरचा रस्ता धरला. फाटकाशी कौसाबाई डोक्यावर बाजरीचं पोतं चढवून घेत होती. ते शेजारून गेले तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली,

“येकटंच खाऊ नगा, अण्णा! काकीला बी द्या!”

“बघतो!” अण्णा मागं न वळता म्हणाले.